मॅचिंग झोळी

महांतप्पा बायकोला रस्त्यात टाकून दुकानापर्यंत गेले आणि त्यांना पत्ताच नव्हता, ही गोष्ट लोहाऱ्यात इतक्या वेळा सांगून झाली आहे, की हल्ली ती ऐकताना खुद्द महांतप्पाही मान डोलावतात.

गोष्ट खरी आहे. गणपतीचे दिवस होते. गिरणीतून ज्वारीचं दळण घेऊन दोघं निघाले होते. इरम्मानं दळणाची पिशवी मोटारसायकलच्या सीटवर ठेवली, मागच्या कॅरिअरची दांडी डाव्या हातानं धरली, पदर आवरला आणि आता बसायचं, एवढ्यात महांतप्पांना मागं वजन पडल्याचं जाणवलं. मागं वजन पडलं की निघायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा शिरस्ता. ते निघाले. दांडी धरलेला हात गाडीबरोबर निघाला, इरम्मा जागेवर राहिली. मग तीही गेली, पण खाली, आणि त्याच हातावर.

पिशवी मात्र नीट बसली होती. गिरणीपासून आपल्या कापडदुकानापर्यंत महांतप्पा तिच्याशी बोलत होते. विषय होता चौकातला गतिरोधक कसा चुकीच्या जागी घातला आहे, हा. उत्तर येत नव्हतं, पण उत्तर येत नसण्याची त्यांना सवय होती. दुकानासमोर शिलाई मशीन मांडून बसणारे दादामियाँ त्यांच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "सेठ, भाभी कुठं हायत?"

महांतप्पांनी मागं वळून पिशवीकडं पाहिलं. त्या क्षणी त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते दादामियाँ करून दाखवतात. करून दाखवताना पूर्वी ते हसायचे.

खांदा निखळला होता. वाटीतला गोळा पुढं सरकून काखेशी आला होता. जीपनं उमरग्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला, इंजेक्शन दिलं, हात हळूहळू ओढून गोळा जागेवर बसवला. हाड मोडलं नव्हतं. ऑपरेशनची गरज नाही, असं ते म्हणाले. हात गळ्यात बांधून दिला, तीन आठवडे असाच ठेवा म्हणाले, आणि पुढचंही काही सांगितलं. ते सांगत असताना महांतप्पा व्हरांड्यात उभे राहून मुलाला, शंभुलिंगला, दुकानाचं शटर ओढून घ्यायला फोनवर सांगत होते.

ऑपरेशन नाही, ही बातमी गल्लीत जरा निराशेनंच घेतली गेली. ऑपरेशन म्हणजे कसं, बघायला जाता येतं, टाके किती ते विचारता येतं. नुसता बसवलेला खांदा म्हणजे आजार की काय, तेच ठरेना. तरी लोक आले. एकीनं एरंडाचं पान सांगितलं, एकानं तुळजापूरच्या वाटेवर तेल लावून चोळणारा माणूस आहे म्हणून सांगितलं. सास्तूरहून इरम्माचे थोरले भाऊ बंडप्पा आले. भूकंपात घर अंगावर पडलेल्या माणसापुढं निखळलेला खांदा म्हणजे काहीच नाही. त्यांनी बहिणीकडं पाहिलं, चहा घेतला आणि पाऊसपाण्याचं बोलून गेले. तिला तेवढंच बरं वाटलं.

पण सगळ्यांत मोठा सल्ला आला तो सिद्धारामचा. हा महांतप्पांचा पुतण्या, कबड्डीपटू. ऐन विशीत त्याचा खांदा असाच निखळला होता. त्यानं झोळी लवकर काढली, मैदानात उतरला आणि खांदा पुन्हा निसटला. मग पुन्हा. आता तर शिंकताना जपावं लागतं, असं तो सांगत असे. "काका," तो म्हणाला, "एकदा सुटलेला खांदा इमानी नसतो. काकूंचा हात लई दिवस हलू देऊ नका. माझं बघा."

महांतप्पांनी त्याचं बघितलं आणि मनाशी पक्कं केलं. विशीतल्या पैलवानगड्याचा नियम पन्नाशी ओलांडलेल्या बाईला लावू नये, हे त्यांना कोण सांगणार? सिद्धाराम सांगणार नव्हता, आणि गल्लीत तर सगळ्यांना एकच खांदा ठाऊक होता.

शिवाय महांतप्पांना काहीतरी करायचं होतंच. पिशवीशी बोलत आलेल्या माणसाला झोप कुठली. इतकी वर्षं सकाळी दुकानाचं शटर वर आणि रात्री खाली, मधलं सगळं इरम्माचं, अशी वाटणी होती. आता शंभुलिंगनं दुकान बघायचं ठरलं. सून शिवप्रिया शाळेत शिक्षिका. ती भाजीभाकरी करून सकाळच्या जीपनं जाई. मागं उरले महांतप्पा, इरम्मा आणि तो डावा हात.

त्यांनी सेवा आरंभली. सेवा हा शब्द त्यांचाच. चहा करायला शिकले. पहिले काही दिवस तो चहा इरम्मानं औषध समजून घेतला. भांडी विसळायला शिकले. तिच्या हाताखाली उशी दे, तिचा पदर सावर, तिला ताक दे. आणि वेणी. एका हातानं वेणी घालता येत नाही, ही गोष्ट महांतप्पांना या वयात कळली. सून घाईत असे. म्हणून ओट्यावर बसून ते स्वतः तिचे केस विंचरू लागले. कापडाचा ताना-बाना ओळखणारी बोटं, पण तीन पेडांत गुंतत. वेणी कधी डावीकडं जाई, कधी निम्म्यातच संपे. इरम्मा खाली मान घालून बसे आणि काही बोलत नसे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थबकून बघत. लोहाऱ्यात असला देखावा बाजाराच्या दिवशीसुद्धा मिळत नाही.

दवाखान्यानं दिलेली झोळी मळली, तेव्हा महांतप्पा दुकानात गेले आणि खणाचा तुकडा काढून दादामियाँपुढं टाकला. दादामियाँनी झोळी शिवली. आत मऊ अस्तर, गळ्यापाशी रुतू नये म्हणून पट्टीत कापूस. ती इतकी झकास झाली, की महांतप्पांनी आणखी शिवून घेतल्या. हिरव्या साडीवर हिरवी, इरकलीवर लाल काठाची, सणाला जरीची. गल्लीतल्या बायका झोळीला हात लावून बघत आणि पाइपिंग कुठलं म्हणून विचारत. एका म्हातारीनं तर खांदा न दुखवता अशी शिवून मिळेल का, तेही विचारून घेतलं. आता एवढ्या मॅचिंग झोळ्या असताना हात बाहेर काढायचा, म्हणजे घरचं कापड वाया घालवण्यासारखंच होतं.

तीन आठवडे दसऱ्याच्या आधीच सरले. महांतप्पा म्हणाले, दसरा होऊ दे. दसरा झाला. म्हणाले, दिवाळीत पाहुण्यारावळ्यांत कुणाचा धक्का लागेल. दिवाळी झाली, थंडी पडली. थंडीत हाड उघडं टाकू नये.

आणि एक गोष्ट अशी, की शंका यावी असं काही दिसतच नव्हतं. घर लिंगायतांचं. इरम्मा रोज सकाळी न्हाऊन इष्टलिंगाची पूजा करी. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, छातीसमोर धरायचं, उजव्या हातानं भस्म आणि फूल वाहायचं. आता झोळीत बांधलेला हात असतो कुठं? नेमका छातीसमोर, तळवा वर. जणू शिवणाऱ्यानं पूजेचंच माप घेतलं होतं. दादामियाँनी अर्थात कोपराचं माप घेतलं होतं, पण देवघरात बसलेल्या इरम्माकडं पाहून कुणाच्या मनात काही येत नसे. पूजा करताना तिचा तळवा थरथरत नसे, बोटं नीट मिटत. महांतप्पा समाधानानं सुनेला सांगत, पूजेचा हात शाबूत आहे, म्हणजे सगळं शाबूत आहे. शिवप्रियानं एकदा भीत भीत विचारलं होतं, की मामंजी, डॉक्टरांकडं पुन्हा दाखवायचं नव्हतं का. महांतप्पा म्हणाले, दाखवायला दुखतंय कुठं.

खरंच दुखत नव्हतं. न हलवलेला हात दुखत नाही.

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं येळवस असते. त्या दिवशी लोहारा गाव रिकामं होतं आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर आणि ताकातली आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि येईल त्याला जेवायला बसवायचं. आंबिलीचं मडकं घरच्या थोरल्या सुनेनं डोक्यावरून शेतात न्यायचं. इरम्मा नवी नवरी होऊन आली, त्या वर्षी सासूनं ते तिच्या डोक्यावर दिलं. तेव्हापासून दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नव्हता. बाळंतपणातलं एक वर्ष सोडलं, तर एकदाही खंड नाही. एरवी घरात ती कुठंही मागं उभी असे, पण त्या एका दिवशी ती पुढं आणि तिच्यामागं सगळी. मडक्याखाली चुंबळ, दोन्ही हात वर, आणि ढेकळांतून चालताना थेंबही सांडत नसे. बांधावरचे लोक म्हणत, महांतप्पाची बायको निघाली. एरवी तिला एवढीही ओळख नव्हती.

त्या दिवशी तिनं जरीची झोळी नेसल्यासारखी घातली होती. निघताना महांतप्पांनी ती मोठ्या समारंभानं काढली. सगळ्यांपुढं म्हणाले, आता पूर्ण बरा झाला हात, एवढं जपलं त्याचं चीज झालं. शिवप्रिया आणि शेजारीण अशा दोघींनी मडकं उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं. उजवा हात वर गेला आणि मडक्याला लागला. डावाही निघाला. निघाला तो खांद्याच्या आतच थांबला. इरम्मानं जोर केला. हात वर गेला नाही. त्याच्याऐवजी सगळं अंगच एका बाजूला कललं.

मडकं फुटलं, त्याचा आवाज फारसा झाला नाही. ओट्याखालच्या मातीत आंबील पसरली. बायका लगेच म्हणाल्या, की भुईनंच आपलं आपण घेतलं, चांगलं झालं. असं बोलायची पद्धत असते. इरम्मा मात्र मातीकडं बघत नव्हती. ती आपल्या डाव्या हाताकडं बघत होती, आणि तो अजूनही तिथंच थांबला होता, छातीसमोर, तळवा वर.

दुसऱ्या दिवशी उमरगा. डॉक्टरांनी तपासलं. नस तुटलेली नाही, गोळा जागेवर आहे, सांधा मात्र आखडला आहे, म्हणाले. ऑपरेशन आताही नको. व्यायाम, आणि धीर. त्यांनी शेजारच्या खोलीत उम्मेहानीकडं पाठवलं. ही व्यायाम करवून घेणारी फिजिओथेरपिस्ट, तिशीच्या आतली. तिनं इरम्माचा हात आपल्या हातात घेऊन सगळीकडून हळू फिरवून पाहिला आणि विचारलं, की झोळी काढल्यावर व्यायाम कधी सुरू केले.

महांतप्पा पुढं सरसावून म्हणाले, "व्यायाम कसला? आमी हात हलूच दिला न्हाय."

हे त्यांनी छाती काढून सांगितलं. उम्मेहानीनं इरम्माचा हात हळूच खाली ठेवला. मग तिनं विचारलं, हे कुणी सांगितलं होतं. महांतप्पांनी सिद्धारामची सगळी हकीकत सांगितली. ती नीट ऐकून घेऊन तिनं समजावलं, की काका, तरण्या पोराचा खांदा ढिला असतो, त्याला पुन्हा निसटायची भीती. या वयात भीती उलटी. या वयात खांदा निसटत नाही, तो धरून बसतो. म्हणून लवकर, हळूहळू हलवायचा असतो.

महांतप्पांनी विचारलं, आता किती दिवस. तिनं दिवस सांगितले नाहीत. म्हणाली, वर्षभर तरी नेमानं करा, किती उघडेल ते तेव्हा कळेल; पूर्ण उघडेल असं मी आज सांगत नाही.

परत येताना जीपमध्ये दोघं शेजारी बसले होते. महांतप्पांच्या मांडीवर जरीची झोळी होती. सकाळी पुन्हा घातलेली ती दवाखान्यात काढली होती, आता कुठं ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं.

घरी आल्यावर ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणाचं मनापासून केलं, आणि जे केलं तेच तिच्या हाताला बाधलं, हे त्यांच्या डोक्यात शिरता शिरत नव्हतं. पाडलं ते चुकून. पण हे तर रोज, ठरवून, तिन्ही त्रिकाळ केलं होतं. इरम्मा उजव्या हातानं पाण्याचा तांब्या घेऊन आली, तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरांनी पयल्यांदाच सांगितलं असणार. मी तवा फोनवर होतो."

"सांगितलं होतं," इरम्मा म्हणाली. "मला सगळं नीट सांगितलं होतं. भिंतीवर बोटं चालवायची, हात खाली सोडून झोके द्यायचे. करूनबी दाखवलं होतं."

महांतप्पांनी तांब्या घेऊन शेजारी ओट्यावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "मग बोलली का न्हाईस?"

ती उंबऱ्याला टेकली. पदर सारखा केला, उजव्या हातानंच.

"बोलले असते, तर तुमी दुकानात गेला असता."

महांतप्पा पाणी प्याले नाहीत. ओट्यावरून समोरच्या घराची भिंत दिसते. ते त्या भिंतीकडं बघत राहिले. थोड्या वेळानं इरम्माच म्हणाली, की वाटलं होतं, दसऱ्यापर्यंत राहू दे. मग वाटलं, दिवाळीपर्यंत. हात आपलाच आहे, जातोय कुठं.

दुसऱ्या सकाळपासून व्यायाम सुरू झाले. देवघराशेजारच्या भिंतीवर तिनं बोटं चालवायची आणि जिथं पोचतील तिथं महांतप्पांनी हळदीचं बोट टेकवायचं. नातवंडांची उंची मोजतात तसं ते दिसे. पहिले कित्येक दिवस हळदीवर हळद चढत राहिली. डाग जाड झाला, वर काही गेला नाही. दाराच्या चौकटीला महांतप्पांनी जुनी कप्पी टांगली, तिच्यावरून दोरी घातली. उजव्या हातानं ओढायचं, डाव्यानं वर जायचं. ओढताना तिच्या तोंडून आवाज निघे. महांतप्पा मग आतल्या खोलीत जात आणि काहीही कारण नसताना कपाट उघडत. शेक द्यायचा, झोके द्यायचे, महिन्याच्या महिन्याला उमरग्याला जायचं. सिद्धाराम एकदा आला आणि काकूंची दोरी ओढून द्यायला बसला. त्याला पाहून महांतप्पांना राग आला, पण राग नेमका कुणाचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दादामियाँनी एकदा विचारलं, की सेठ, आणखी एखादी झोळी? महांतप्पांनी नुसती मान हलवली. दादामियाँना समजलं. मशीनवर वाकून ते म्हणाले, "मीच हौसेनं शिवत गेलो. एकदा तरी इचारायचं होतं, अजून कशाला लागते म्हणून." त्यानंतर पिशवीची गोष्ट सांगताना ते चेहरा करून दाखवतात, पण हसत नाहीत.

उन्हाळ्यात हळद भिंतीवरून वर सरकली. पावसाळ्यात आणखी थोडी. हात कानापर्यंत आला. गणपती आले आणि गेले. मग हळद थांबली. उम्मेहानीनं दिवाळीनंतर पाहिलं, हाताला धरून वर नेऊन पाहिलं आणि सांगितलं, की व्यायाम सोडू नका, पण बहुतेक एवढंच. रोजच्या कामाला पुरेल. महांतप्पांनी विचारलं, डोक्यावर काही धरता येईल का. ती म्हणाली, काय धरायचं आहे. तिला येळवस ठाऊक होती; तिच्या घरीही दर वर्षी कुणाच्या तरी शेतातून डबा येई. ती इरम्माकडं वळून म्हणाली, "मडकं नको, काकू." इरम्मानं हो म्हटलं. भाव ठरल्यासारखं.

या येळवशीला सकाळी महांतप्पा नेहमीसारखे फणी घेऊन ओट्यावर आले. इरम्मा आधीच बसली होती. तिची वेणी झालेली होती. भांग थोडा वाकडा होता, आणि वेणी डावीकडं जात होती, पण शेवटापर्यंत घातलेली होती.

"जमली आज," ती म्हणाली.

महांतप्पा म्हणाले, छान जमली. फणीत काही अडकलंय का, ते त्यांनी पाहिलं, मग ती कोनाड्यात नेऊन ठेवली. गेलं वर्षभर ते दुपारचे दुकानात जात असत. आता सकाळचंही जायला हरकत नव्हती, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं असावं.

मडकं नवं होतं. इरम्मानं त्याला स्वतः हळदकुंकू लावलं. चुंबळ शिवप्रियाच्या डोक्यावर ठेवली, आणि मडकं उचलताना तिचा डावा हात बाकीच्यांबरोबर वर निघाला. मडक्याच्या पोटापर्यंत गेला. तिथं तिनं तो क्षणभर टेकवला आणि काढून घेतला. शिवप्रिया पुढं निघाली, मान ताठ, दोन्ही हात वर. तिच्यामागं बाकीची. इरम्मानं पाच-सहा पावलं टाकली आणि थांबली. महांतप्पा म्हणाले, एवढं चालायचं काय, गाडीवर चल.

त्यांनी मोटारसायकल बाहेर काढली. मांडीवर ठेवायला तिनं भज्जीचं पातेलं घेतलं. गाडी सुरू झाली. मागं वजन पडलं.

हल्ली वजन पडलं तरी महांतप्पा निघत नाहीत. त्या पडण्यापासून त्यांना ती सवय लागली आहे. ते मागं न बघता विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. गल्लीला याचंही हसू येतं.

"बसलीस का?" त्यांनी विचारलं.

ती केव्हाच बसली होती. पातेलं मांडीवर, डावा हात त्यांच्या खांद्यावर; तेवढ्या उंचीवर तो आता सहज जातो. पुढं शिवप्रिया वळणावर दिसेनाशी होत होती आणि बांधावरून कुणीतरी तिला हाक मारत होतं. गाडी फुरफुरत उभी होती. महांतप्पा वाट बघत होते.

"बसले" म्हणायला तिनं जरा वेळ घेतला.